देवमाशांच्या पंगतीतले पाहुणे

किनाऱ्याला लागलेल्या मृत डॉल्फिनचे शवविच्छेदन हे नाजूक मनाच्या माणसाने पाहावे असे दृश्य नव्हे. जठर उघडले की पांढुरक्या गोलकृमींचे गुंतवळ हाती लागते. फुफ्फुसांच्या नळ्यांत दोऱ्यासारखे जंत निघतात. कवटीतल्या हवेच्या पोकळ्यांत पानाच्या आकाराचे कृमी चिकटलेले असतात, तर कातडीखालच्या चरबीत दाण्याएवढ्या पुट्या दडलेल्या असतात. समुद्र नासला आणि म्हणून हा जीव आतून किडला, असेच पाहणाऱ्याला वाटते. पण जाणता प्राणिवैद्य एवढ्यावर निष्कर्ष काढत नाही. निरोगी समुद्रातल्या धष्टपुष्ट डॉल्फिनच्या पोटातही हे पाहुणे असतातच. ते किती आहेत, कुठले आहेत, कोणत्या वाटेने आले आणि यजमानाच्या अंगात त्यांना आवरण्याची ताकद उरली होती की नाही, हे तो आधी तपासतो.

असे प्रश्न विचारण्याची रीत ज्यांनी घालून दिली, त्यांत बेल्जियमच्या प्येर-जोझेफ व्हान बेनेडेन यांचे नाव फार वरचे आहे. डार्विन आणि पाश्चर यांच्या समकालीन असलेल्या या प्राध्यापकाची कीर्ती त्यांच्या हयातीत युरोपभर होती. आज सामान्य वाचकाला ते नाव ओळखीचे वाटणार नाही. मात्र जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘सहभोजिता’ हा शब्द ज्याने वाचला आहे, त्याने नकळत त्यांचीच कल्पना उचललेली असते.

व्हान बेनेडेन यांचा जन्म १९ डिसेंबर १८०९ रोजी मेखेलेन या गावी झाला. तेव्हा बेल्जियम नावाचे राष्ट्र अस्तित्वात नव्हते आणि तो सारा मुलूख नेपोलियनच्या साम्राज्यात मोडत होता. योगायोग असा, की त्याच वर्षी कार्ल रुडॉल्फी या कृमितज्ज्ञाने डॉल्फिनवर्गीय प्राण्यांच्या जठरातल्या गोलकृमीला शास्त्रीय नाव दिले. पुढे अनिसाकिस या नावाने मासे खाणाऱ्या माणसांनाही ठाऊक झाला, तोच हा कृमी. रुडॉल्फी हे त्या काळातले सर्वांत मोठे कृमिशास्त्रज्ञ. शेकडो कृमींची त्यांनी वर्णने केली, पण हे जीव प्राण्याच्या पोटात शिरतात कसे, या प्रश्नाला त्यांचे उत्तर फार सोपे होते. ते शिरतच नाहीत, तिथेच आपोआप उत्पन्न होतात, असे ते मानीत. हे मत एकट्या रुडॉल्फींचे नव्हते. युरोपातल्या कितीतरी नामांकित वैद्यांचीही तीच धारणा होती. आतड्यातला पट्टकृमी बाहेरच्या जगात कुठेही स्वतंत्रपणे फिरताना दिसत नाही, मग तो पोटातच जन्मत असला पाहिजे, हा तर्क तेव्हा अगदीच अडाणीपणाचा नव्हता. व्हान बेनेडेन यांच्या उमेदीची वर्षे हा तर्क खोडून काढण्यात गेली.

त्यांचे शिक्षण एका औषधविक्रेत्याच्या दुकानातून सुरू झाले. मेखेलेनमधले लुई स्टोफेल्स हे औषधे तयार करून विकत. शंख-शिंपले, जीवाश्म, भरलेले प्राणी असा मोठा संग्रह त्यांनी हौसेने जमवला होता. त्यांच्या हाताखाली उमेदवारी करणारा हा मुलगा औषधांपेक्षा त्या संग्रहातच जास्त रमला. पुढे लुव्हेन येथे वैद्यकीचे शिक्षण झाले आणि १८३१ मध्ये तिथल्याच विद्यापीठाच्या निसर्गेतिहास संग्रहालयाची देखभाल त्यांच्याकडे आली. बेल्जियम स्वतंत्र होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. पॅरिसला जाऊन त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला, काही काळ गेंट येथे अध्यापन केले आणि १८३६ मध्ये लुव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठात प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकपदावर ते रुजू झाले. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मिळालेले ते पद त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ ५८ वर्षे सांभाळले. एकाच विद्यापीठात इतका दीर्घ काळ राहिलेला माणूस बहुधा एकसुरी होतो. व्हान बेनेडेन तसे झाले नाहीत. त्याचे कारण लुव्हेनमध्ये नव्हते, ते होते ओस्टेंडच्या किनाऱ्यावर.

ओस्टेंड हे उत्तर समुद्रावरचे मासेमारीचे बंदर. तिथे त्यांची सासुरवाडी होती आणि सासरच्या मंडळींचा कालवे पोसण्याचा व्यवसाय होता. भरतीचे पाणी आत घेऊन साठवणारे हौद, त्यांत ओळीने मांडलेली कालवे आणि शेजारी वाळूच्या टेकड्या, असा तो परिसर. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला याहून सोयीची सासुरवाडी कुठली मिळणार! १८४३ मध्ये व्हान बेनेडेन यांनी तिथे स्वतःच्या खर्चाने एक छोटी प्रयोगशाळा उभारली. सागरी जीवांच्या अभ्यासासाठी समुद्रकाठीच बांधलेली जगातली पहिली प्रयोगशाळा म्हणून तिचा उल्लेख होतो. फ्रान्समधले कॉन्कार्नो येथील केंद्र १८५९ चे, तर आंतोन डोर्न यांनी नेपल्सला उभारलेले सुप्रसिद्ध केंद्र १८७२ नंतरचे. या सरकारी किंवा संस्थात्मक थाटाच्या केंद्रांपुढे ओस्टेंडची जागा म्हणजे एक खोपटेच. पण समुद्रातला प्राणी दारूच्या बरणीत मेल्यावर पाहण्याऐवजी समुद्राच्याच पाण्यात जिवंत पाहावा, हा विचार तिथे आधी अमलात आला. प्रवाळांचे नातलग असलेले बारीक समुद्री जीव, शेवाळासारखे दिसणारे प्राणी, त्यांची पिल्ले आणि त्यांचे रूपांतर यांवर व्हान बेनेडेन यांनी सुरुवातीला काम केले. याच काळात त्यांनी लिंग्वाट्युला नावाच्या जिभेसारख्या चपट्या परजीवीचा गुंताही सोडवला. हा प्राणी कृमींमध्ये गणला जाई. त्याच्या अंड्यातून निघणारे पिल्लू पाहून त्यांनी दाखवून दिले, की त्याचे गोत्र कृमींचे नसून खेकडे-कोळी यांच्यासारख्या संधिपाद प्राण्यांचे आहे. प्रौढ परजीवीचे रूप फसवे असते, त्याची ओळख बालपणात पटते, हा धडा त्यांना इथे मिळाला.

ओस्टेंडच्या बंदरात रोज मासळी उतरत असे. कॉड, चपटे मासे, पाकटे, लहान मुशी या सर्वांची पोटे व्हान बेनेडेन चिरून पाहत. साफसफाईत कोळ्यांनी फेकून दिलेली आतडी हाच त्यांचा कच्चा माल. असे पाहता पाहता एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. काटेरी हाडांच्या माशांच्या मांसात आणि आतड्याच्या आवरणावर लहान पुट्या आढळत. त्यांतल्या जीवाला डोके असे, डोक्यावर आकडे किंवा चोषके असत, पण जननेंद्रियांचा पत्ता नसे. मुशी आणि पाकटांच्या आतड्यांत मात्र तेच डोके पुन्हा दिसे आणि त्याच्यामागे पेरांची लांब माळ लागलेली असे. त्या पेरांत अंडी खच्चून भरलेली असत. तोवर या दोहोंना निरनिराळे प्राणी समजून त्यांना वेगवेगळी नावेही दिली गेली होती. व्हान बेनेडेन यांनी ते एकाच प्राण्याच्या आयुष्याचे दोन अंक आहेत असे मांडले. लहान मासा म्हणजे वाहन. मुशीने तो मासा गिळला, की पुटीतला कृमी मोकळा होतो, मुशीच्या आतड्याला चिकटतो आणि तिथे प्रौढ होतो. त्याची अंडी विष्ठेबरोबर समुद्रात पडतात आणि पुन्हा लहान जिवांच्या पोटात जातात. १८५० मध्ये पट्टकृमींवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. कोण कोणाला खातो याचा हिशेब लावल्याशिवाय कृमीचे चरित्र लिहिता येत नाही, हे त्यातून प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आले.

आज अन्नसाखळी हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी असतो. १८५० मध्ये तो कोणी वापरत नव्हते. कालवांच्या हौदाशेजारी बसलेल्या या माणसाने कृमींच्या मागावर जाऊन समुद्राची ती साखळी कडी-कडीने जोडली, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात जरा अधिक ठळक लिहिली जायला हवी होती.

विरोध अर्थातच झाला. जर्मनीतले कार्ल फोन झीबोल्ट हे परजीवींच्या अभ्यासातले मोठे प्रस्थ. डुकराच्या किंवा सशाच्या मांसातले पाण्याने फुगलेले कृमी हे वाट चुकलेले आणि त्यामुळे रोगट होऊन सुजलेले पट्टकृमी आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रिड्रिख क्युखेनमायस्टर या जर्मन डॉक्टरांनी ते मानले नाही. त्यांनी १८५१ पासून सशाच्या मांसातल्या पुट्या कुत्र्यांना खाऊ घातल्या आणि त्यांच्या पोटात पट्टकृमी वाढवून दाखवले. पुढे १८५५ मध्ये याच क्युखेनमायस्टर यांनी फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला नकळत डुकराच्या मांसातल्या पुट्या चारल्या आणि फाशीनंतर त्याच्या आतड्यात कोवळे पट्टकृमी शोधून काढले. त्या प्रयोगाबद्दल तेव्हाही लोकांनी नाके मुरडली आणि ती मुरडण्यासारखीच होती. व्हान बेनेडेन यांनी माणसाच्या वाटेला न जाता कुत्र्यांवर भर दिला. पॅरिसच्या विद्वानांना तरीही शंका होत्या. कुत्र्यांच्या पोटात कृमी असतातच, ते पुट्यांमुळेच आले कशावरून? यावर उपाय म्हणून १८५८ मध्ये व्हान बेनेडेन कुत्र्याची पिल्ले घेऊनच पॅरिसला गेले. काहींना पुट्या खाऊ घातलेल्या, काहींना नाही. शंकेखोर मंडळींसमोर ती पिल्ले तपासली गेली. ज्यांना पुट्या चारल्या होत्या त्यांच्या आतड्यांत पट्टकृमी निघाले आणि बाकीच्यांत निघाले नाहीत. प्रयोगाला तुलनेसाठी कोरा गट हवा, ही आज रूढ झालेली अट तिथे पाळलेली दिसते.

त्याआधीच, आतड्यातल्या कृमींचा विकास आणि त्यांचा प्रसार कसा होतो या विषयावर पॅरिसच्या विज्ञान अकादमीने लावलेल्या स्पर्धेचे १८५३ चे मोठे पारितोषिक व्हान बेनेडेन यांनी पटकावले होते. तो निबंध १८५८ मध्ये ग्रंथरूपाने आला. या शोधाचे श्रेय क्युखेनमायस्टर यांचे की व्हान बेनेडेन यांचे, यावर नंतर बरीच शाई खर्ची पडली. खरे पाहता दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या. एकाने दवाखाना आणि कसायाचे दुकान यांच्यामधला दुवा शोधला, तर दुसऱ्याने तोच नियम समुद्रात आधी ओळखला. पाश्चर यांनी सूक्ष्मजंतू आपोआप जन्मत नाहीत हे काचेच्या चंबूंतून सिद्ध करण्याआधीच कृमींच्या बाबतीत तो समज मोडीत निघाला होता, हे मात्र निर्विवाद.

यानंतर व्हान बेनेडेन यांची दृष्टी पोटातल्या कृमींवरून एकंदर शेजारधर्माकडे वळली. शिंपल्यात राहणारा वाटाण्याएवढा खेकडा यजमानाचे मांस खात नाही. शार्कबरोबर पोहणारा पायलट मासा शार्कचे रक्त पीत नाही. देवमाशाच्या कातडीवर वस्ती करणारे बार्नॅकल नावाचे कवचधारी जीव समुद्राच्या पाण्यातूनच आपले अन्न गाळून घेतात, देवमासा त्यांच्यासाठी केवळ एक फिरता खडक असतो. या सर्वांना सरसकट परजीवी म्हणणे व्हान बेनेडेन यांना अन्यायाचे वाटले. एकाच पंक्तीला बसून जेवणारे पण यजमानाला न लुबाडणारे, अशा अर्थाचा शब्द त्यांनी लॅटिनमधून घडवला. मराठीत आपण त्याला सहभोजिता म्हणतो. एकमेकांच्या उपयोगी पडणाऱ्यांचा त्यांनी वेगळा वर्ग केला. १८७३ मध्ये बेल्जियमच्या राजेशाही अकादमीपुढे मांडलेला हा विचार १८७५ च्या त्यांच्या ‘सहभोजी आणि परजीवी’ या विषयावरील पुस्तकात विस्ताराने आला. पुढच्याच वर्षी ते इंग्रजीत गेले. सामान्य वाचकासाठी लिहिलेले हे पुस्तक आजही रंजक वाटते. पंगतीचे आगंतुक, भाडेकरू, भिकारी, चोर अशा मानवी समाजाच्या उपमांनी त्यांनी प्राणिसृष्टी रंगवली आहे. शास्त्रज्ञांना या उपमा फार मानवतात असे नाही. पण व्हान बेनेडेन श्रद्धाळू कॅथलिक होते. सृष्टीत प्रत्येक जिवाला ठरवून दिलेली जागा आहे आणि परजीवीसुद्धा त्या योजनेबाहेरचा नाही, असे ते मनापासून मानीत. उत्क्रांतिवाद त्यांनी स्वीकारला नाही. तरीही याच श्रद्धेमुळे परजीवीकडे किळसवाणी चूक म्हणून न पाहता निसर्गाचा एक रहिवासी म्हणून पाहणे त्यांना शक्य झाले. आजचे पर्यावरणशास्त्र वेगळ्याच वाटेने त्याच जागी पोहोचले आहे.

देवमासे आणि डॉल्फिन हा त्यांच्या उत्तरायुष्यातला ध्यास. बेल्जियमच्या किनाऱ्याला लागलेला एकही मोठा जलचर त्यांच्या नजरेतून सुटत नसे. १८५९ नंतर अँटवर्प शहराच्या नव्या तटबंदीसाठी खणकाम सुरू झाले आणि मजुरांच्या कुदळींखाली प्राचीन देवमाशांच्या हाडांचे ढीग निघू लागले. लाखो वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. ब्रुसेल्सच्या संग्रहालयात गोळा झालेल्या त्या हाडांचे वर्णन करणारे ग्रंथ व्हान बेनेडेन यांनी १८७७ ते १८८६ या काळात लिहिले. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल झेर्व्हे यांच्यासोबत त्यांनी जिवंत आणि लुप्त अशा सर्व देवमाशांच्या अस्थींचा प्रचंड सचित्र ग्रंथ १८६८ ते १८८० या बारा वर्षांत पुरा केला. या विषयाचा अभ्यासक आजही त्यातली चित्रे उघडून बसतो.

या ग्रंथांच्या मधोमध, १८७० मध्ये, अकादमीच्या पत्रिकेत त्यांचा एक छोटा निबंध आला. देवमासे आणि डॉल्फिन, त्यांचे सहभोजी आणि त्यांचे परजीवी हा त्याचा विषय. अंगावरचे बार्नॅकल, कातडीला धरून राहणाऱ्या चपट्या ‘उवा’, पोटातले कृमी या साऱ्यांची त्यांनी जातवार नोंद केली. अंगावरचे पाहुणे ओळखता आले तर यजमान कोण आणि तो कोणत्या पाण्यातून आला हेही कळते, असा त्यांचा रोख होता. हिमसागरातला ग्रीनलंडचा देवमासा बार्नॅकलपासून मुक्त असतो आणि त्याचा दक्षिणेकडचा भाऊबंद ते अंगावर वागवतो, हे देवमाशांचे शिकारी पूर्वीपासून जाणून होते. कोपनहेगनचे एश्रिक्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी अशा खुणांच्या आधारे हे दोन देवमासे वेगळे असल्याचे सांगितले. व्हान बेनेडेन यांनी त्या खुणांची पद्धत बनवली. त्याच सुमारास बेल्जियमच्या किनाऱ्यावरचे मासे, त्यांचे परजीवी आणि सहभोजी यांवरचा त्यांचा ग्रंथही प्रसिद्ध झाला. यजमान आणि पाहुणा यांची नोंद एकत्रच करायची, हा नियम त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

त्यांचे निदान किती दूरवर लागू पडले याचे उत्तम उदाहरण म्हणजे डॉल्फिनच्या चरबीतल्या त्या पुट्या. पाकट-मुशींच्या आतड्यांतल्या, पानासारख्या पसरट चोषकांच्या पट्टकृमींसाठी व्हान बेनेडेन यांनी १८५० च्या सुमारास फिलोबॉथ्रियम ही प्रजाती कल्पिली होती. डॉल्फिनच्या चरबीतले कोवळे कृमीही दीर्घकाळ याच नावाखाली नोंदले गेले. शेपटीकडच्या आणि जननेंद्रियांजवळच्या चरबीत ते दाटीने आढळतात. पण डॉल्फिनमध्ये ते कधीच प्रौढ होत नाहीत. मग ते कोणाची वाट पाहतात? अलीकडे डीएनएच्या तपासणीने त्यांचे नाते मोठ्या सागरी शार्कमधल्या पट्टकृमींशी जुळले आणि त्यांची शास्त्रीय प्रजातीही बदलली. म्हणजे इथे डॉल्फिन हा पंक्तीचा यजमान नसून ओस्टेंडच्या लहान माशासारखाच एक वाहक आहे. शार्कने डॉल्फिनचा लचका तोडला तरच कृमीचा प्रवास पुरा होतो. समुद्रात मोठे शार्क उरले नाहीत, तर ही साखळी तुटेल.

इथे ‘समुद्राचे आरोग्य’ या आजच्या काळजीच्या विषयाला वेगळेच वळण मिळते. अनिसाकिसचेच पाहावे. त्याचे कोवळे रूप क्रिलसारख्या बारीक जिवांतून मासे आणि माकुळांत जाते, आणि देवमासा किंवा डॉल्फिन यांच्या जठरात प्रौढ होते. वाटेत माणसाने तो मासा कच्चा खाल्ला, तर पोटात असह्य कळा येतात. नेदरलँड्समध्ये हलक्या मिठात मुरवलेले हेरिंग खाणाऱ्यांना हा त्रास होतो हे १९६० च्या सुमारास उघड झाले आणि त्या देशाने १९६८ मध्ये हेरिंग गोठवण्याची सक्ती केली. २०२० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी जुने अहवाल एकत्र करून दाखवले, की १९७८ ते २०१५ या काळात माशांमधले अनिसाकिसचे प्रमाण २८३ पटींनी वाढले. ही बातमी ऐकून सुशी खाणारे घाबरले. समुद्र तापत आहे, त्यात खते आणि सांडपाणी मिसळत आहे, ही कारणे सुचवली गेली. पण आणखी एक शक्यता संशोधकांनी मांडली. विसाव्या शतकात सुमारे २९ लाख मोठे देवमासे मारले गेले. १९७० नंतर संरक्षण मिळाल्यावर काही ठिकाणी त्यांची संख्या सावरली. यजमान परतले म्हणून पाहुणेही परतले असतील. तसे असेल तर जंतांची वाढ ही रोगाची नव्हे, प्रकृती सुधारल्याची खूण ठरते.

याउलट चित्र प्युजेट साउंडच्या खाडीत दिसते. संग्रहालयातल्या बरण्यांत १८८० पासून जपलेले मासे उघडून केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन किंवा अधिक यजमान लागणारे परजीवी तिथे दर दशकाला सुमारे अकरा टक्क्यांनी घटले आणि घट पाण्याच्या वाढत्या तापमानाशी निगडित होती. ज्यांचे आयुष्य अनेक कड्यांवर टांगलेले असते, ते आधी गळतात. बरण्यांत मासे ठेवणाऱ्यांना कधी स्वप्नातही वाटले नसेल, की आपण कृमींची जनगणना करून ठेवत आहोत.

अर्थात प्रत्येक जंत शुभशकुनी नसतो. पूर्वी विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी पीसीबी ही रसायने बंदी येऊनही समुद्रात टिकून आहेत आणि डॉल्फिनच्या चरबीत साठतात. ब्रिटनच्या किनाऱ्यावर मेलेल्या पॉर्पॉइज या लहान नातलगांच्या तपासणीत चरबीतली पीसीबी आणि अंगातल्या गोलकृमींचा बोजा यांचा संबंध आढळला. १९९० ते १९९२ मध्ये भूमध्य समुद्रातले पट्टेरी डॉल्फिन विषाणूच्या साथीने मोठ्या संख्येने मेले, त्यांच्याही अंगात पीसीबी भरपूर होते. साथीत सापडलेल्या डॉल्फिनच्या अंगावर चिकटून राहणारे कवचधारी जीवही वाढलेले दिसले, कारण दुबळा डॉल्फिन मंद पोहतो आणि मंद पोहणाऱ्यावर बसणे सोपे जाते. न्यूझीलंडमध्ये तर संकट जमिनीवरून आले. मांजरांच्या विष्ठेतून पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात वाहत जाणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीने तिथले दुर्मिळ हेक्टर्स डॉल्फिन दगावतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत २८ पैकी सात मृत्यू याच कारणाने झालेले आढळले. त्यांतले दोन माउई या अत्यंत विरळ उपजातीचे होते. मांजर हा समुद्रातला प्राणी नव्हे. ही साखळी निसर्गाने घातलेली नाही, माणसाने जोडून दिलेली आहे. पूर्वापार पाहुणा आणि नवखा घुसखोर यांतला हा फरक कळण्यासाठी आधी पूर्वापार पाहुण्यांची यादी हाती असावी लागते. ती यादी करण्याचे काम व्हान बेनेडेन यांच्या पिढीने केले.

त्यांच्या घरातच विज्ञानाची पुढची पिढी तयार झाली. मुलगा एदुआर याचा जन्म १८४६ चा. तो लिएज येथे प्राध्यापक झाला आणि वडिलांच्या उलट उत्क्रांतिवादाचा पुरस्कर्ता निघाला. घोड्याच्या आतड्यातल्या गोलकृमीच्या अंड्यांचा अभ्यास करून त्याने १८८३ मध्ये दाखवून दिले, की नर आणि मादी यांच्या बीजपेशी गुणसूत्रांचा समसमान वाटा घेऊन एकत्र येतात. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा हा एक पाया. तो घातला गेला एका परजीवीच्या अंड्यावर! बापाने कृमीचा बाहेरचा प्रवास शोधला, मुलगा त्याच्या पेशीत शिरला. मतभेद असूनही कृमींचा हा वारसा घरातच राहिला.

म्हातारपणीही व्हान बेनेडेन यांची लेखणी थांबली नाही. १८७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्य म्हणून निवडले. १८८९ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर, युरोपच्या समुद्रांतल्या डॉल्फिनांचा निसर्गेतिहास त्यांनी प्रसिद्ध केला. ८ जानेवारी १८९४ रोजी लुव्हेन येथे त्यांचे निधन झाले. तेव्हाही ते प्राध्यापकपदावरच होते.

डॉल्फिनांच्या यादीत त्यांचे नाव एका जागी कायमचे कोरले गेले आहे. दक्षिण अमेरिकेत मारोनी नदीच्या मुखाजवळ मिळालेल्या लहान, करड्या डॉल्फिनचे वर्णन त्यांनी १८६४ मध्ये केले आणि त्याला गयानाचे नाव दिले. पुढे प्रजाती बदलली, त्यामुळे सोटालिया गियानेन्सिस या आजच्या नावापुढे व्हान बेनेडेन हे नाव नियमाप्रमाणे कंसात लिहिले जाते. १८७२ मध्ये ब्राझीलला गेलेल्या एदुआरने रिओ दि जानेरोच्या उपसागरातल्या अशाच डॉल्फिनला नवी जात मानून वेगळे नाव दिले होते. ते डॉल्फिन वडिलांच्याच जातीचे असल्याचे नंतर ठरले आणि मुलाने दिलेले नाव मागे पडले. नोव्हेंबर २०१७ ते मार्च २०१८ या काळात रिओ राज्यातल्या सेपेतिबा आणि इल्या ग्रांदे या दोन उपसागरांत या जातीचे दोनशेहून अधिक डॉल्फिन मेले. कारण होते गोवराच्या गोत्रातला एक विषाणू. बंदरे, कारखाने आणि गाळ यांनी वेढलेल्या त्या पाण्यातून काढलेली प्रेते ब्राझीलच्या प्राणिवैद्यांनी एकामागून एक उघडली.